शीळ कुठून येतेय

टर्बो गाडीचं ट्यूनिंग शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी एकच काम देते. इंजिन सुरू करायचं आणि दहा मिनिटं गप्प बसून ऐकायचं. फार जणांना ते झेपत नाही. ते मोबाईलवर कुणा उपटसुंभाचे व्हिडिओ बघून आलेले असतात. लॅपटॉप मांडीवर, बोट बटणावर आणि तोंडात एकच प्रश्न: बूस्ट किती वाढवू? अरे, नळ जोरात सोडता आला म्हणून कुणी प्लंबर होत नाही. हे मी त्यांच्या तोंडावर सांगते. काही जण दुसऱ्या दिवशी येत नाहीत. बरं होतं. त्यांची इंजिनं त्यांना लखलाभ.

पण एक गोष्ट मी लपवत नाही. ऐकायला मलाही येत नव्हतं. म्हणजे कानाला येत होतं, पण त्यावर विश्वास ठेवायला येत नव्हतं. ते यायला एक गाडी, तीन दिवस आणि दोन बादल्या साबणाचं पाणी लागलं, आणि त्या तीन दिवसांत मी माझ्या थोरल्या जावेचं उभ्या आयुष्याचं काम तिच्या हातून जाताना बघत होते.

आमचं वर्कशॉप दोन बायकांचं. एक ती, दुसरी मी. गिऱ्हाइकं तिला थोरली म्हणतात, मला धाकटी. त्या गाडीच्या वेळी तिला या कामात सव्वीस वर्षं झाली होती. त्यातली चौदा वर्षं एका घरात राहूनही आम्ही कामापुरतंच बोलायचो. गॅस संपत आलाय. पाणी जाणार आहे. तुमचं कपाट उघडं राहिलंय. ती सकाळी निळा डगला चढवून निघायची, संध्याकाळी नखांत काळं घेऊन परतायची, आणि मी मनात म्हणायचे, काय मिरवते ही बाई! मी हातमोजे शिवायच्या कारखान्यात होते. माझी नखं स्वच्छ.

मग कारखाना बंद पडला. तीन महिने मी घरात भिंतींशी भांडत होते. एके दिवशी थोरली चहाचा कप घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. असं ती कधी करत नसे.

"धाकटे, मशिनचा टाका सुटला की तुला कसं कळायचं?"

"आवाजावरून."

"कापड न बघता?"

"कापड बघेपर्यंत वीतभर वाया गेलेलं असतं, ताई. हॉलमध्ये साठ मशिनं चालायची. तरी माझ्या मशिनचा एक टाका हुकला की मला कळायचं."

तिने चहा संपवला. मग उठता उठता म्हणाली, "उद्यापासून माझ्याबरोबर चल. तिथंही टाकेच ऐकायचे असतात."

मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. नवशिकी व्हायला हे वय वाईट असतं. चुका करायची लाज वाटते आणि पाठ दुखते.

पहिले सहा महिने तिने मला लॅपटॉपला हात लावू दिला नाही. प्लग काढ, पाइप तपास, तेल बघ, टाकीतलं पेट्रोल कुठलं ते विचार. गाडी आजारी आहे की धडधाकट ते कळल्याशिवाय तिच्याकडून जास्त काम मागायचं नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या आणि गाडी बिघडली तर कुणाला शिव्या द्यायच्या तेच कळत नाही, असं ती म्हणायची.

टर्बो म्हणजे काय ते तिने मला चहाच्या डब्यांची दोन झाकणं आणि एक पेन्सिल घेऊन शिकवलं. एका दांड्यावर दोन पंखे. इंजिनातून बाहेर पडणारा धूर एक पंखा फिरवतो. त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा बाहेरची हवा इंजिनात कोंबतो. कोंबलेल्या हवेचा दाब म्हणजे बूस्ट. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त, पेट्रोल जास्त म्हणून ताकद जास्त. आता उरली ठिणगी. ती नेमकी कधी पडायची ते ट्यूनिंग करणाऱ्याने ठरवायचं. थोडी लवकर पाडली की गाडी खूश होते. आणखी लवकर पाडली की आणखी खूश. त्याहून जरा लवकर पाडलीत, की आतलं मिश्रण स्वतःच्या मर्जीने फुटतं आणि पिस्टनच्या डोक्यावर हातोडा बसतो. त्याला नॉक म्हणतात. बूस्टवर चाललेल्या गाडीला असे थोडे जोराचे हातोडे पुरतात. पिस्टनचा तुकडा उडतो आणि गाडी रस्त्यात जीव सोडते.

एवढा मोठा अनर्थ, पण त्याचा आवाज केवढा? पत्र्याच्या डब्यात चार वाटाणे हलवावेत तेवढा. तोही इंजिनाच्या गदारोळात.

तो ऐकायला थोरलीकडे एक नळी होती. बोटाएवढी जाड, तांब्याची, एक टोक हातोडीने चपटं करून भोक पाडलेलं. ते टोक इंजिनाच्या अंगाला बोल्टने आवळायचं. दुसऱ्या टोकाला रबरी नळी, ती खिडकीच्या फटीतून आत, आणि तिच्या शेवटी दोन्ही कानांवर घट्ट बसणाऱ्या जाड वाट्या. डॉक्टर छातीला लावतो तसलाच प्रकार, फक्त रोगी दीडशे किलोचा. वाट्या चढवून थोरली डोळे मिटून घ्यायची आणि पाय दाबायची. मी शेजारच्या सीटवर लॅपटॉप धरून बसायचे.

"लॅपटॉप सांगतो ते त्याचं मत," ती म्हणायची. "नळी सांगते ती साक्ष."

तर ती गाडी. गुराढोरांच्या डॉक्टरची. हा माणूस ट्रेलरमध्ये एक्स-रेचं यंत्र टाकून डोंगरावरच्या गोठ्यांवर जायचा, आणि चढावर त्याची गाडी दम टाकायची. आमच्याकडे येण्याआधी त्याने ती कुणा दुसऱ्याकडे नेली होती. त्या शहाण्याने बूस्ट वाढवला. नॉक होऊन डॅशबोर्डवर दिवा लागायला लागला, तर त्याने नॉक पकडणारा सेन्सरच बंद करून टाकला. म्हणजे रोगी ओरडतोय तर त्याच्या तोंडात बोळा कोंब. असल्या माणसांच्या हातातला पाना काढून घ्यावा आणि परत कधी देऊ नये. सेन्सर इतका जुना होता की आम्ही परत जोडला तरी तो काही बोलेना. नवा यायला दोन आठवडे होते. डॉक्टरला गुरुवारी डोंगरावर जायचं होतं.

"नळीवर करून देते," थोरली म्हणाली. "सेन्सर नव्हते तेव्हाही गाड्या होत्याच की."

"तुमचं काम सोपं आहे," डॉक्टर म्हणाला. "माझा रोगी लाथ मारतो."

"माझाही मारतो. फक्त एकदाच."

मंगळवारी गाडी रोलरवर चढवली. आमच्याकडे जमिनीत रोलर बसवलेत. चाकं त्यांवर ठेवायची, गाडी पट्ट्यांनी बांधायची, समोर दाराएवढा पंखा लावायचा. मग गाडी जागच्या जागी ताशी दीडशेने पळते; अशा एका खेपेला रन म्हणतात. थोरलीने वाट्या चढवल्या, मी लॅपटॉप उघडला. आणि मला शीळ ऐकू आली.

बारीक, उंच, सुईसारखी. इंजिन चढलं की ती बुडून जायची, उतरलं की परत वर यायची. मी खूश झाले. खरंच खूश झाले, लाज वाटते सांगायला. पहिल्यांदाच मला काहीतरी ऐकू आलं होतं जे थोरलीला आलं नव्हतं.

"ताई, शीळ येतेय. कुठल्या तरी पाइपातून बूस्ट गळतोय."

"मला नाही येत."

"येतेय. बारीक आहे."

"नवशिक्यांना पहिल्या वर्षी सगळीकडे गळती दिसते," ती म्हणाली. "बघ शोधून. हौस फिटू दे."

मी शोधायला लागले. हवेच्या पाइपांना बाहेरून दाब दिला, बादलीत साबण कालवला, एकेका जोडावर ब्रशने लावला. जिथं गळती असेल तिथं बुडबुडे यायला हवेत. एक बुडबुडा नाही. दोन क्लिपा बदलल्या. परत रन, परत शीळ. त्याच दिवशी तिसऱ्या रनला मला आणखी एक आवाज आला. इंजिनाच्या ऐन जोरात, दोनदा, चार वाटाणे.

"ताई, आत्ता काही वाजलं का?"

तिने वाट्या काढल्या. "काय?"

"काही वाजलं का म्हटलं. खटखट."

"स्वच्छ आहे. काचेसारखं." तिने ठिणगी आणखी एक अंश लवकर केली.

आणि मी काय केलं? मनाशी म्हटलं, एखादा पत्रा सैल असेल. एक्झॉस्टवरचा. म्हणून बाकीच्या वेळात तो पत्रा आवळत बसले.

नवशिक्यांनो, इथं थांबा आणि मला शिव्या घाला. इंजिन नुसतं हळू चालत असताना टर्बो दाब देतच नाही. दाब नाही तर गळतीची शीळ कुठून येणार? हे मला सहा महिने शिकवलं गेलं होतं. पण पंखा चालू, इंजिन चालू आणि माझं डोकं बंद. एकदा गळती म्हटलं की मला जगात दुसरं काही दिसेना.

बुधवारी सकाळी डॉक्टर डोकावून गेला. मी दुसरी बादली कालवत होते.

"गाडीला अंघोळ घालताय?" तो म्हणाला.

"विचारू नका," थोरली आतून म्हणाली. "कालपासून तिला न्हाऊ-माखू घालतेय. पावडर लावायची तेवढी राहिलीय."

"मी चार वाजता येतो. उद्या सकाळी बारा गोठे आहेत. मिळेल ना?"

"मिळेल."

दुपारी जेवण झाल्यावर मी प्लग काढून बघितले. ते माझं कामच होतं. रन झाले की प्लग बघायचे. पहिला चांगला, दुसरा चांगला. तिसऱ्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर मिरपूड भुरभुरावी तसे काळे ठिपके होते. भिंग लावलं. ठिपक्यांमध्ये दोन चकचकीत कण. काळे ठिपके म्हणजे नॉक, हे थोरलीनेच शिकवलेलं. चकचकीत म्हणजे ॲल्युमिनियम, आणि तिथं ॲल्युमिनियम येतं ते पिस्टनमधून.

म्हणजे वाटाणे खरे होते.

मी प्लग घेऊन निघाले. थोरली गाडीत बसली होती, वाट्या चढवून, डोळे मिटून. जेवणानंतर ती अशी बसायची, कान निवू देते म्हणायची. पंखा बंद होता, रोलर बंद होते, बाहेर रस्त्यावरही कुणी नव्हतं. इंजिनाचे तर प्लगच माझ्या हातात होते.

आणि शीळ चालू होती.

मी बॉनेटमध्ये वाकले. तिथं नाही. चाकाजवळ नाही. खिडकीकडे सरकले तशी ती वाढली. हात आत घालून मी थोरलीच्या उजव्या कानावरची वाटी जराशी उचलली. शीळ थांबली. वाटी ठेवली. परत सुरू. केसांच्या आड, कानामागे, कातडीच्याच रंगाचं काहीतरी होतं, घेवड्याच्या दाण्याएवढं.

तिने डोळे उघडले. "काय गं?"

"शीळ सापडली, ताई."

"कुठल्या पाइपला?"

मी नुसतं माझ्या कानाला बोट लावलं. तिचा हात आपोआप केसांकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. मग तिने वाट्या काढून मांडीवर ठेवल्या आणि समोरच्या काचेतून बंद पंख्याकडे बघत राहिली.

"दीड महिना झाला," ती म्हणाली.

"घरात कुणाला माहीत आहे?"

"कुणाला नाही. भाऊजींनाही नाही तुझ्या. झोपताना उशीखाली ठेवते."

"मला सांगायचं होतं."

"तुला? तू म्हणाली असतीस, म्हातारी बहिरी झाली, आता बस म्हणावं घरी."

"मी असं कधी..."

"चौदा वर्षं बोलली नाहीस माझ्याशी. मनात काय काय म्हणत होतीस ते मला कळत नव्हतं असं वाटतं का तुला?"

मी दार उघडून शेजारी बसले आणि प्लग तिच्या तळहातावर ठेवला. तिने डगल्याच्या खिशातून भिंग काढलं. फार वेळ बघत होती. एवढा वेळ बघायची गरज नव्हती. पहिल्या नजरेतच तिला कळलं असणार.

"तुला ऐकू आलं होतं?"

"काल दोनदा. आज सकाळी तीनदा."

"आणि गप्प बसलीस?"

"विचारलं की मी! तुम्ही म्हणालात, काचेसारखं स्वच्छ. मग मी पत्रे आवळत बसले."

"मी म्हटलं म्हणून?"

"सव्वीस वर्षं ऐकणाऱ्या माणसाने सांगितल्यावर मी कोण टिकोजीराव?"

"तू साठ मशिनांत एक टाका ऐकणारी," ती म्हणाली. "म्हणून तर आणलं तुला. उपकार करायला नाही आणलं. तेव्हाच कमी यायला लागलं होतं मला."

मला तो चहाचा कप आठवला. तिने तेव्हा मागायचं ते मागितलं होतं आणि मला वाटलं होतं की ती मला देतेय. इतकी वर्षं एकाच ओट्यावर स्वयंपाक करून माणसं एकमेकांना एवढीच कळतात.

"पण हे कानाचं मशीन लावून तर ऐकू यायला हवं ना?" मी म्हटलं.

"बोलणं येतं. घड्याळाची टिकटिक येते. देणारा पोरगा फार कौतुक करत होता. म्हणाला, आजी, हे हुशार यंत्र आहे. खडखडाट झाला की आपोआप कापतं. भांडं पडलं, दार आपटलं, तुम्हाला त्रास नाही." मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे.

"म्हणजे नॉक झाला," मी हळूच म्हटलं, "की त्याला वाटायचं..."

"भांडी पडली," ती म्हणाली. आणि हसायला लागली. मीही हसले. हसता हसता ती कधी रडायला लागली ते मला कळलं नाही. मी तिच्या खांद्यावर हात टाकला. चौदा वर्षं आणि वर हे आठ महिने, त्यांत पहिल्यांदा. तिच्या डगल्याला पेट्रोलचा वास होता, आणि माझ्याही.

मग तिने दोन्ही यंत्रं कानातून काढली, वाट्या चढवल्या आणि बोटाने मला प्लग लावायची खूण केली. मी नवे प्लग लावले. तिने गाडी सुरू केली, नुसता अर्धा पाय दाबला, मिटल्या डोळ्यांनी ऐकलं आणि बंद केली.

"घरघर," ती म्हणाली. "गोधडीत गुंडाळल्यासारखी घरघर. वरचं काहीच नाही. संपलं, धाकटे."

यंत्राचा दोष असता तर यंत्र फेकून दिलं असतं. ते तसं नव्हतं.

चार वाजायला आले. मी म्हटलं, डॉक्टरला सांगू या, एक पाइप फाटलाय, सुटा भाग यायचाय. मला तिला वाचवायचं होतं. तिने यंत्रं परत कानात घातली आणि माझ्याकडे असं बघितलं की मला माझी नखंसुद्धा लपवावीशी वाटली.

"नवशिकीला पहिला धडा खोटं बोलायचा देऊ का मी?"

तिने डॉक्टरला दारातच गाठलं. "डॉक्टर, गाडी आज मिळणार नाही. मला नॉक ऐकू येत नाही. कान गेलेत माझे. तुमचा पिस्टन खरवडलाय, तो माझ्यामुळे. बाहेर काढून बघावा लागला तर खर्च माझ्या अंगावर."

डॉक्टर चिडला. चिडायलाच हवं होतं. बारा गोठे म्हणाला, एक गाय उभीच राहत नाही म्हणाला, हे आधी का नाही सांगितलं म्हणाला. थोरली मान खाली न घालता ऐकत राहिली. त्याचा जोर ओसरल्यावर तो बॉनेटला टेकला.

"गाडी चालण्यासारखी आहे का?"

"आहे. दोन कण गेलेत, तुकडा नाही. चारी सिलिंडरचा दाब मोजते आणि मगच देते. पण ठिणगी परत मागे घ्यावी लागेल, म्हणजे उशिरा पाडावी लागेल, आणि ती कुठवर हे ऐकल्याशिवाय ठरत नाही."

"हिला ऐकू येतं ना?" त्याने माझ्याकडे बोट दाखवलं.

"हिला येतं. पण ही गाडी चालवून, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा बघून, ऐकून, सगळं एकदम करू शकणार नाही. आठ महिन्यांची आहे."

"मग वाटून घ्या की. गोठ्यात माझा मदतनीस नाडी धरतो आणि मी पोट तपासतो. तो बोलत नाही, नाडी चुकली की माझ्या पाठीवर बोट मारतो. जनावराजवळ ओरडून चालत नाही." तो निघाला, परत वळला. "उद्या बारा वाजता. त्यापुढे एक मिनिट नाही."

संध्याकाळी थोरलीने मला चार नंबर दिले. दीड महिन्यात तिने हातावेगळ्या केलेल्या चार गाड्या. त्यांचे सेन्सर शाबूत होते, तरी तिला ते पुरेसं वाटेना. मी फोन लावून द्यायचे, ती बोलायची. चौघांनाही एकच वाक्य. गाडी जोरात चालवू नका, तपासायला घेऊन या, चूक माझी आहे. चौथा फोन ठेवल्यावर ती भिंतीला पाठ लावून खाली बसली.

"आता नवं कुणी येणार नाही आपल्याकडे," मी म्हटलं.

"येईल तो ऐकून येईल," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी सिलिंडरचे दाब मोजले. चारी ठीक. गाडी रोलरवर चढवली. या वेळी वाट्या माझ्या कानांवर होत्या. तिने यंत्रं काढून डगल्याच्या खिशात टाकली, लॅपटॉप दोघींच्या मध्ये ठेवला आणि डावा हात माझ्या मांडीवर उताणा टाकला.

"बोलू नकोस, मला कळणार नाही. वाटाणा वाजला की मनगटावर टिचकी मार. मोजू नकोस. खरा की खोटा, विचार करत बसू नकोस."

मी मान हलवली. तिने डोळे मिटले नाहीत. आता तिला काट्यावर नजर ठेवायची होती. तिने पाय दाबला.

तुम्ही ते कधी ऐकलं नसेल तर सांगते. नळीतून इंजिन म्हणजे आधी नुसता पूर. मग हळूहळू त्यात ओळी दिसायला लागतात. आपल्या मशिनचे टाके कळतात तसे. आणि मग त्या ओळीत एक टाका सुटतो. टिक. मी टिचकी मारली. टिक टिक. परत मारली. तिच्या कपाळावर आठी पडली. काट्याकडे बघत तिने पाय सोडला, ठिणगी मागे घेतली आणि परत दाबला. दोन टिचक्या. आणखी मागे. एक टिचकी, तीही उशिरा, चार हजारांवर. तिने फक्त तेवढ्याच जागेची ठिणगी मागे घेतली, बाकीच्या फेऱ्यांवर होती तशीच ठेवली. काट्यावर टिचकी कुठे पडली ते तिने बरोबर पकडलं होतं. माझं बोट आणि तिची सव्वीस वर्षं मिळून एक शहाणं माणूस झालं होतं, आणि आम्हा दोघींपैकी कुणालाच एकट्याने त्याचं श्रेय घेता आलं नसतं.

पुढच्या रनला मी काही वाजवलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं. झोपलीस का, असं तिच्या भुवया विचारत होत्या. मी मान हलवली. परत रन. परत काही नाही. इथं मला भीती वाटली. नाहीच आहे, की मला ऐकू येत नाही? वाटलं, पत्रा सैल असेल, माझंच काही चुकत असेल. कालची सगळी धाकटी परत अंगात आली. थोरलीने मनगट जराही हलवलं नाही. तिचा विश्वास होता, म्हणून मी तिसऱ्या रनला श्वास धरून शेवटपर्यंत ऐकलं. एकही टाका सुटला नाही.

मी बोट तिच्या मनगटावर नुसतं टेकवलं. टिचकी नाही.

तिला कळलं. तिने चढासाठी, ट्रेलरसाठी आणि दुपारच्या उन्हासाठी ठिणगी आणखी दोन अंश मागे घेतली. काल जितकी ताकद दिली होती तितकी आज नव्हती. पण आल्या दिवसापेक्षा जास्त होती, आणि पिस्टन जागेवर होता.

जोराच्या रननंतर टर्बोचं इंजिन लगेच बंद करायचं नसतं. दोन-तीन मिनिटं हळू चालू ठेवायचं, टर्बो निवू द्यायचा. हे लिहून ठेवा, नवशिक्यांनो. घाईत किल्ली फिरवून लोक चांगले टर्बो मारतात.

तर आम्ही बसून राहिलो. मी वाट्या काढल्या. तिची यंत्रं खिशातच होती. तिच्या मनगटावर माझ्या बोटाचे काळे ठिपके पडले होते. मी समोर बघत, तिला ऐकू येत असताना मी कधीच म्हटलं नसतं ते म्हटलं. म्हटलं, "ताई, तुम्ही घरी बसलात तर मलाही हे वर्कशॉप नको."

तिने मान वळवली. "ओठ हलले तुझे. काय म्हणालीस?"

मी तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "गॅस संपत आलाय म्हटलं!"

"खोटारडी," ती म्हणाली. तिने हात माझ्या मांडीवरून काढला नाही, आणि इंजिन निवेपर्यंत दुसऱ्या हाताने किल्लीही फिरवली नाही.